विनाचालक गाडीला फाट्यावरचा माणूस दिसेल का?

परभणी : ड्रायव्हर नसलेली गाडी अमेरिकेतल्या रस्त्यावर फिरते, स्टेअरिंग आपोआप वळतं आणि मागच्या सीटवर बसलेला माणूस निवांत मोबाइल बघतो, असे व्हिडिओ आता गावागावांतल्या मोबाइलवर पोहोचलेत. ते बघून पारावर निघणारा शेराही ठरलेला असतो, 'एकदा आमच्या रोडवर आणून दाखवा म्हणावं!' हे वाक्य लोक हसण्यावारी नेतात. पण या गाड्यांवरून जगभर जो वाद चालू आहे, त्याचं मूळ याच वाक्यात आहे. गाडी आत बसलेल्याला सुखरूप नेईलही, पण रस्त्याच्या कडेनं पायी चाललेल्याचं काय?

परभणी जिल्ह्याला हा प्रश्न लांबचा वाटतो, पण तो तेवढा लांब राहिलेला नाही. पूर्ण विनाचालक गाडी इथं यायला वेळ लागेल, कदाचित येणारही नाही. मात्र माणसाऐवजी स्वतः ब्रेक मारणारी यंत्रणा लावलेल्या गाड्या पाथरी-मानवत-परभणी मार्गे नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वरून आजही धावतात. म्हणून कॅमेऱ्याला आणि संगणकाला रस्त्यावरचा माणूस कसा दिसतो, कधी दिसत नाही आणि चूक झाली तर जबाबदार कोण, हे गावात राहणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं.

मंत्र्यांचा नकार नोकऱ्यांसाठी

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी विनाचालक गाड्यांना भारतात परवानगी देणार नाही, असं २०१७ मध्येच सांगितलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात आयआयएमच्या कार्यक्रमात त्यांनी ते पुन्हा ठासून सांगितलं. दोन्ही वेळी कारण एकच होतं, ड्रायव्हर लोकांची रोजीरोटी जाईल.

हे कारण खोटं नाही. मराठवाड्यातली हजारो पोरं पुण्या-मुंबईत टॅक्सी, टेम्पो, ट्रक चालवून घर चालवतात. पण नकाराचा सगळा भार रोजगारावर आहे, पायी चालणाऱ्याच्या जिवावर नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. मंत्री बदलले, धोरण बदललं, कंपन्यांनी नव्या नोकऱ्यांचं गणित मांडलं, तर हा नकार बदलू शकतो. त्या दिवशी सुरक्षेचा नियम लिहिलेला नसेल तर हातात काहीच उरणार नाही.

कायद्यात त्याची वाट आधीच आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कलम २-ब घालण्यात आलं. नवं संशोधन आणि प्रयोग यांना चालना मिळावी म्हणून ठरावीक प्रकारच्या वाहनांना या कायद्यातल्या तरतुदींमधून सूट देण्याचा अधिकार त्या कलमानं केंद्र सरकारला दिला आहे. म्हणजे चाचणीसाठी दार पूर्ण बंद नाही.

अर्धी गाडी आधीच आली

गेल्या चार-पाच वर्षांत मध्यम किमतीच्या एसयूव्हीमध्येही 'एडास' नावाची यंत्रणा येऊ लागली. काचेमागचा कॅमेरा आणि पुढच्या बाजूचा रडार समोरच्या वस्तूवर लक्ष ठेवतात. धडक होणार असं वाटलं की गाडी आधी आवाज करते आणि मग स्वतः ब्रेक मारते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०२५ मध्ये बस, ट्रक अशा मोठ्या वाहनांच्या नव्या मॉडेलना आपोआप ब्रेक लागण्याची आणि ड्रायव्हरला डुलकी लागली तर सावध करण्याची यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला.

जुलै २०२५ मध्ये टेस्लानं मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात देशातलं पहिलं शोरूम उघडलं. गाडीची किंमत सुमारे ६० लाख आणि 'फुल सेल्फ ड्रायव्हिंग' म्हणून दिलेल्या पॅकेजचे वेगळे ६ लाख. नावात 'सेल्फ' असलं तरी ड्रायव्हरनं सतत लक्ष ठेवलं पाहिजे, गाडी पूर्ण स्वयंचलित होत नाही, असं कंपनी स्वतःच सांगते.

धोका नेमका इथं आहे. यंत्र बरंच काम करतं म्हटल्यावर माणसाचं लक्ष सुटतं. अमेरिकेत एका बाईचा जीव असाच गेला.

टेम्पीची रात्र

१८ मार्च २०१८ ची रात्र. अ‍ॅरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात ४९ वर्षांची एक बाई हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. जवळ झेब्रा क्रॉसिंग नव्हतं. समोरून उबर कंपनीची चाचणी गाडी आली. गाडी संगणक चालवत होता, सीटवर लक्ष ठेवायला एक कर्मचारी बसवलेली होती. बाई त्या गाडीखाली आली आणि गेली. स्वयंचलित गाडीनं पायी चालणाऱ्याचा जीव घेतल्याची ही जगातली पहिली नोंद मानली जाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१९ मध्ये तपासाचा निष्कर्ष दिला. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्राला समोर काहीतरी दिसलं होतं. त्या वेगात एवढा वेळ म्हणजे शंभर मीटरच्या आसपास अंतर. जागा माणूस असता तर ब्रेक मारला असता. पण संगणक ठरवत बसला. आधी त्याला ती 'वाहन' वाटली, मग 'इतर वस्तू', मग 'सायकल'. दर वेळी नाव बदललं की ती कुठं चालली आहे याचा हिशेब तो नव्यानं मांडायचा. शेवटी सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ उरला.

त्याहून मोठी गोष्ट पुढं आहे. क्रॉसिंग सोडून दुसरीकडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्या प्रणालीत धरलंच नव्हतं. गाडीला मूळ कंपनीनं बसवलेला आपत्कालीन ब्रेक चाचणीच्या वेळी बंद ठेवलेला होता. आणि सीटवरची कर्मचारी मोबाइलवर कार्यक्रम बघत होती.

आता हेच चित्र परभणी-गंगाखेड रोडवर ठेवून बघा. हातात सायकल, अंधार, जवळ क्रॉसिंग नाही. आपल्याकडं हा रोजचा प्रकार आहे. शेतातून उशिरा परतणारा गडी, पहाटे दूध घेऊन फाट्यावर येणारा पोरगा, एसटीतून उतरून पलीकडं जाणारी म्हातारी, हे सगळे 'क्रॉसिंग सोडून'च रस्ता ओलांडतात. कारण दुसरी सोयच नसते.

दुसरी बाजूही ऐकावी लागेल

यंत्राला नावं ठेवताना माणसानं चालवलेल्या गाड्यांचा हिशेबही बघायला हवा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते, म्हणजे रोज ९० च्या आसपास. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मृत्यू झाले. देशातले सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते. या गाड्या माणसंच चालवत होती.

यंत्र दारू पीत नाही, सलग अठरा तास गाडी चालवून त्याला डुलकी लागत नाही. गुगलच्या मूळ कंपनीची 'वेमो' ही विनाचालक टॅक्सी अमेरिकेतल्या फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस अशा शहरांत चालते. सुमारे ९ कोटी किलोमीटरच्या प्रवासावर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पायी चालणाऱ्यांना इजा होण्याचे प्रसंग माणसानं चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत ९२ टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास कंपनीच्याच लोकांनी केला, हे खरं. तरी तो सरळ फेकून देता येणार नाही.

पण त्या गाड्या कुठं चालतात तेही बघायला हवं. एकेका गल्लीचा नकाशा आधी बनवलेला, रस्त्यावर पट्टे, सिग्नल आणि रात्री दिवे. गाडीच्या टपावर लाखोंची यंत्रं. त्या ९२ टक्क्यांवरून जिंतूर किंवा पालमच्या रस्त्याबद्दल काहीच सांगता येत नाही.

अंधारात यंत्राची परीक्षा

साध्या, परवडणाऱ्या गाड्यांतल्या आपोआप ब्रेकची परीक्षा अमेरिकेत वेगळी झाली आहे. तिथल्या 'एएए' या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१९ मध्ये पुतळे ठेवून चाचण्या घेतल्या. दोन उभ्या गाड्यांच्या मधून लहान मूल अचानक पुढं आलं, असं दृश्य केलं. गाडीचा वेग ताशी ३२ किलोमीटरच होता. तरी १०० पैकी ८९ वेळा गाडीनं पुतळ्याला उडवलं. रात्री तर ही यंत्रणा निकामी ठरली.

विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या 'आयआयएचएस' या अमेरिकी संस्थेनं २०२२ मध्ये प्रत्यक्ष अपघातांचा अभ्यास केला. पादचारी ओळखणारा ब्रेक असलेल्या गाड्यांनी पायी चालणाऱ्यांना धडक देण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी होतं. मात्र दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री काहीच फरक दिसला नाही. याच संस्थेनं २०२५ मध्ये आणखी एक चक्रावणारी गोष्ट सांगितली. अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या घातलेला पुतळा तीनपैकी दोन मॉडेलच्या गाड्यांना बहुतेक वेळा कळलाच नाही. माणसाच्या डोळ्याला सावध करणारी पट्टी कॅमेऱ्याला गोंधळात टाकत होती.

याचा अर्थ रिफ्लेक्टर लावू नका असा अजिबात नाही. आपल्या रस्त्यांवर आजही माणसाचेच डोळे गाडी चालवतात आणि त्यांना रिफ्लेक्टर लागतोच. अर्थ एवढाच की यंत्र बाजारात आणणाऱ्यांनी ते अंधाऱ्या रस्त्यावर तपासून दाखवलं पाहिजे.

आपला रस्ता यंत्राला शिकवला कोणी?

कॅमेऱ्यामागचा संगणक चित्रं बघून शिकतो. त्याला जे दाखवलं नाही ते त्याला ओळखता येत नाही. युरोप-अमेरिकेतल्या रस्त्यांची चित्रं बघून शिकलेल्या यंत्राला दोन बैलगाड्या बांधतील एवढा ऊस भरलेली ट्रॉली, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ही काय वस्तू आहे ते कळणं अवघड. आषाढी वारीला शेगावहून पंढरपूरकडं निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड मार्गे जाते. शेकडो वारकरी रस्त्याच्या अर्ध्या भागातून पहाटेच चालू लागतात. कार्तिकात ऊसतोड टोळ्यांची बैलगाड्यांची रांग लागते. सोयाबीन निघालं की काही ठिकाणी रस्त्यावरच वाळत पडतं आणि बायका ते सावरत बसलेल्या असतात. यातलं काहीही कॅलिफोर्नियाच्या नकाशात नाही.

काम झालंच नाही असं नाही. आयआयआयटी हैदराबाद आणि इंटेल यांनी २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांच्या १०,००० चित्रांचा संच तयार करून खुला केला. त्यात ऑटोरिक्षा आणि जनावरं यांना स्वतंत्र ओळख दिली. डांबराच्या कडेची जी कच्ची जागा गाडी गरजेपुरती वापरते, तीही वेगळी दाखवली. पण ती चित्रं मुख्यतः हैदराबाद, बंगळुरू आणि त्यांच्या आसपासची. मराठवाड्यातल्या साइडपट्टीवर चालणारा माणूस त्यात किती?

परभणीला स्वतः चालणाऱ्या यंत्राचं वावडं नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पातून यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनं शेतात कशी वापरायची यावर काम झालं आहे. फरक एवढाच की शेताला बांध असतो. त्या बांधाच्या आत कोण आहे, कोण नाही हे मालकाला माहीत असतं. रस्त्याला बांध नाही.

नागपूरनं दाखवलेली वाट

याच यंत्राचा चांगला उपयोग आपल्याच राज्यात झाला आहे. २०२१ मध्ये नागपुरात 'आयरास्ते' प्रकल्प सुरू झाला. इंटेल, आयआयआयटी हैदराबादशी जोडलेला गट, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्र आणि नागपूर महापालिका त्यात होते. शहर बसमध्ये कॅमेऱ्याचं यंत्र बसवलं. समोर माणूस किंवा गाडी जवळ आली की ते ड्रायव्हरला आवाज देऊन सावध करतं. स्टेअरिंग आणि ब्रेक ड्रायव्हरच्याच हातात राहतात.

खरी कामाची गोष्ट पुढची. एकाच जागी वेगवेगळ्या बसमधून वारंवार इशारा वाजला, की ती जागा धोक्याची म्हणून नकाशावर येते. तिथं अजून कोणी मेलेलं नसतं, पण मरू शकतं. आपल्याकडं एखादी जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरायला आधी तिथं माणसं मरावी लागतात. हीच यंत्रणा परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी आगारांच्या एसटीत बसवली, तर कुठल्या फाट्यावर लोक जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात हे काही महिन्यांत कागदावर येईल. ड्रायव्हरची नोकरीही शाबूत राहील आणि पायी चालणाऱ्यालाही उपयोग होईल.

चूक झाली तर आत कोण जाणार?

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे लोकांच्या लक्षात असेल. धडक देऊन पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, अशी नव्या भारतीय न्याय संहितेतली तरतूद त्यामागं होती. ती तरतूद सरकारनं थांबवून ठेवली. माणूस ड्रायव्हर असला की दहा वर्षांची भाषा होते. ड्रायव्हरच नसेल तर कोणाला धरायचं?

टेम्पीच्या प्रकरणात कंपनीवर फौजदारी गुन्हा बसत नाही, असं सरकारी वकिलांनी २०१९ मध्येच सांगितलं. सीटवर बसलेल्या कर्मचारी महिलेनं २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. म्हणजे प्रणाली बनवली कंपनीनं, ब्रेक बंद ठेवला कंपनीनं आणि शिक्षा झाली पगारावरच्या माणसाला.

२ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत दुसरी घटना घडली. माणसानं चालवलेल्या गाडीच्या धडकेनं एक बाई 'क्रूझ' कंपनीच्या विनाचालक टॅक्सीपुढं फेकली गेली. टॅक्सी तिच्यावर आदळून थांबली आणि मग तिला सुमारे २० फूट फरपटत कडेला घेऊन गेली. ती खाली अडकली आहे हे यंत्राला कळलंच नाही. फरपटल्याची बाब कंपनीनं अधिकाऱ्यांपुढं नीट मांडली नाही. कॅलिफोर्नियानं परवाना रोखला, खोटा अहवाल दिल्याबद्दल पुढं दंडही झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मालक कंपनी जनरल मोटर्सनं हा टॅक्सीचा उद्योगच गुंडाळला. व्हिडिओ आणि नोंदी कंपनीकडं असतात. त्या तिनं दिल्या नाहीत, तर पंचनाम्यात काय लिहिणार?

ब्रिटननं यावर २०२४ मध्ये कायदा केला. गाडी स्वतः चालत असताना काही झालं, तर आत बसलेल्यावर खटला नाही. ज्या कंपनीच्या नावावर परवानगी घेतली, ती जबाबदार. आणि गाडी काळजीनं चालवणाऱ्या कुशल ड्रायव्हरइतकी तरी सुरक्षित हवी, अशी अट. आपल्याकडं आज एडास असलेल्या गाडीत सगळी जबाबदारी ड्रायव्हरचीच आहे. 'गाडीनं ब्रेक मारला नाही' ही सबब चालत नाही, हे गाडी घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं.

रस्ता बांधतानाच बोला

जालना-नांदेड द्रुतगती मार्ग आणि शक्तिपीठ मार्ग या दोन्हींच्या आखणीत परभणी जिल्हा आहे. जमिनीच्या मोबदल्यावरून चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण अशा रस्त्यांवर गाड्या सुसाट असतात, पायी माणसाला प्रवेश नसतो आणि एडासच्या भरवशावर गाडी सोडून देण्याचा मोह सगळ्यात जास्त तिथंच होतो. गाव एका बाजूला आणि वावर दुसऱ्या बाजूला गेलं, भुयारी वाट दोन किलोमीटरवर असली, तर लोक कुंपण वाकवून मधूनच जाणार. तिथं ड्रायव्हर असो की संगणक, दोघांनाही ते अनपेक्षित असेल. म्हणून वाट कुठं हवी हे आखणी चालू असतानाच ग्रामसभेच्या ठरावात गाव नकाशासह लिहून द्यायला हवं.

जुन्या रस्त्यांसाठीही काही गोष्टी हातात आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. शाळेपुढं, फाट्यावर, एसटी थांब्यावर दिवे, पट्टे, गतिरोधक यांची मागणी तिच्याकडं लेखी करता येते. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न झाल्यानं जीव गेला, तर ठेकेदार आणि संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ मध्ये आहे. राष्ट्रीय महामार्गावरच्या तक्रारीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

धडक देऊन वाहन पळून गेलं आणि त्याचा पत्ता लागला नाही, तर मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात. हा अर्ज तहसील किंवा उपविभागीय अधिकारी कार्यालयात होतो. मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजनाही आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यावर त्या कारणानं कारवाई करता येत नाही.

विनाचालक गाडी हवी की नको, यावर दिल्ली-मुंबईत चर्चा होत राहील. ग्रामीण भागाकडून त्या चर्चेत तीन मागण्या तरी जायला हव्यात. एक, परवानगी किंवा सूट देण्याआधी अंधाऱ्या, पट्टे नसलेल्या, बैलगाड्या आणि पायी माणसं असलेल्या रस्त्यावर चाचणी घ्यावी आणि निकाल मराठीत जाहीर करावा. दोन, गाडी स्वतः चालत असताना झालेल्या अपघाताची जबाबदारी कंपनीवर, असं कायद्यात स्पष्ट लिहावं. तीन, अपघाताच्या वेळचा व्हिडिओ आणि नोंदी ठरावीक मुदतीत पोलिसांना देणं सक्तीचं करावं.

आमदार-खासदारांकडं या मागण्या लेखी गेल्या, तर नियम बनताना फाट्यावर उभ्या माणसाचाही विचार होईल. नाहीतर नियम शहरातल्या झेब्रा क्रॉसिंगवरचा माणूस डोळ्यांपुढं ठेवून बनतील.